प्रो कबड्डी लीगमधील ज्येष्ठ चढाईपटूंचे बाजारमूल्य

प्रो कबड्डी लीगच्या खेळाडू-लिलावात कारकिर्दीच्या उत्तरार्धात पोहोचलेल्या नामांकित चढाईपटूंसाठी संघमालक जी रक्कम मोजतात, ती म्हणजे ज्येष्ठ चढाईपटूंचे बाजारमूल्य होय. ही रक्कम खेळाडूच्या मागील कामगिरीचे बक्षीस नसते; येत्या हंगामात तो किती सामने खेळेल आणि किती गुण मिळवून देईल, याविषयी संघाने बांधलेला तो अंदाज असतो. चढाईपटूची कारकीर्द अल्पकाळाची असल्यामुळे हा अंदाज बांधणे अवघड ठरते. लीगच्या इतिहासात सर्वाधिक चढाई गुण मिळवणारा प्रदीप नरवाल २०२१ मध्ये १ कोटी ६५ लाख रुपयांना विकला गेला आणि २०२५ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, त्याला एकाही संघाने विकत घेतले नाही. कीर्ती आणि किंमत यांच्यातील हे अंतर या विषयाच्या केंद्रस्थानी आहे.

पार्श्वभूमी

कबड्डी हा महाराष्ट्राच्या मातीत रुजलेला खेळ असला, तरी खेळाडूची रुपयांत किंमत ठरवण्याची प्रथा अलीकडची आहे. लीग सुरू होण्यापूर्वी चांगल्या खेळाडूला मिळणारा मोबदला हा प्रामुख्याने नोकरीच्या स्वरूपात असे. मुंबईतील महिंद्रा, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, देना बँक, मध्य रेल्वे यांसारख्या संस्थांचे संघ व्यावसायिक गटाच्या स्पर्धा गाजवत. खेळाडूला क्रीडा कोट्यातून नोकरी मिळाली की त्याच्या संसाराची घडी बसत असे. खेळ उतरणीला लागला तरी पगार थांबत नसे. त्यामुळे वाढते वय ही खेळाडूच्या मानाशी निगडित बाब होती. तिचा त्याच्या उत्पन्नाशी थेट संबंध नव्हता.

२६ जुलै २०१४ रोजी आठ संघांनिशी प्रो कबड्डी लीगला प्रारंभ झाला आणि हे चित्र बदलले. पहिल्या लिलावात पटणा पायरेट्सने भारताचा अनुभवी खेळाडू राकेश कुमार याच्यासाठी १२ लाख ८० हजार रुपये मोजले. ती त्या लिलावातील सर्वोच्च बोली होती. राकेश कुमार त्या वेळी तिशी ओलांडलेला होता. लीगला अद्याप स्वतःची आकडेवारी नव्हती, त्यामुळे संघमालकांनी आंतरराष्ट्रीय कीर्तीवर आणि राष्ट्रीय स्पर्धांतील नावावर भरवसा ठेवला. पुढील काळात प्रत्येक चढाईची नोंद होऊ लागली आणि नावाइतकेच आकडेही बोलू लागले.

किमतींची वाढ वेगाने झाली. २०१६ मध्ये बंगळुरू बुल्सने बचावपटू मोहित छिल्लर याला ५३ लाखांना घेतले. २०१७ मध्ये यूपी योद्धाने नितीन तोमरसाठी ९३ लाख रुपये दिले. २०१८ मध्ये हरयाणा स्टीलर्सने मोनू गोयतसाठी १ कोटी ५१ लाखांची बोली लावली आणि कोटीची मर्यादा ओलांडली गेली. त्याच लिलावात मुंबईकर रिशांक देवाडिगा १ कोटी ११ लाखांना यूपी योद्धाकडे गेला. त्या वर्षाच्या जानेवारीत त्याच्याच नेतृत्वाखाली महाराष्ट्राने हैदराबाद येथे सेनादलाला नमवून वरिष्ठ गटाचे राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले होते. २०२२ मध्ये तमिळ थलैवाजने पवन सेहरावतसाठी २ कोटी २६ लाख रुपये देऊन दोन कोटींचा टप्पा प्रथमच पार केला.

लिलावाची पद्धत

या लिलावातील रक्कम हे खेळाडूचे मानधन असते. युरोपीय फुटबॉलमध्ये एक संघ दुसऱ्या संघाला खेळाडूच्या बदल्यात जी हस्तांतरण रक्कम देतो, तिच्याशी याची गल्लत करता येत नाही. त्यामुळे बोली खाली आली की त्याचा फटका थेट खेळाडूच्या घराला बसतो.

प्रत्येक संघाला खर्चाची ठरावीक मर्यादा असते. २०२१ मध्ये ती ४ कोटी ४० लाख रुपये होती, तर २०२३ पासून ती ५ कोटी रुपये झाली. या रकमेत किमान १८ आणि कमाल २५ खेळाडूंचा ताफा उभारावा लागतो. खेळाडूंची अ, ब, क आणि ड अशी वर्गवारी केली जाते. २०२३ च्या लिलावापासून या वर्गांच्या मूळ किमती अनुक्रमे ३० लाख, २० लाख, १३ लाख आणि ९ लाख रुपये अशा आहेत. मागील हंगामातील काही खेळाडू संघ लिलावापूर्वीच कायम ठेवू शकतो. सोडून दिलेल्या खेळाडूवर दुसऱ्या संघाने अंतिम बोली लावली, तर तेवढीच रक्कम देऊन त्याला परत घेण्याची मुभाही मूळ संघाला मर्यादित प्रमाणात असते. या तरतुदीस 'फायनल बिड मॅच' असे म्हणतात.

खर्चाच्या मर्यादेमुळे प्रत्येक मोठ्या बोलीला दुसरी बाजू असते. ५ कोटी रुपये १८ खेळाडूंत समान वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे २७ लाख ८० हजार रुपये येतात. एका खेळाडूवर याच्या कितीतरी पट खर्च केल्यास उर्वरित संघ स्वस्तात उभारावा लागतो. ज्येष्ठ खेळाडूची किंमत ठरवताना म्हणूनच दोन प्रश्न एकत्र विचारावे लागतात: तो किती गुण देईल, आणि त्याच पैशांत दुसरे कोण किती गुण देऊ शकेल?

मूल्य ठरवणारे घटक

चढाईची शैली. वय प्रत्येक चढाईपटूवर सारखा परिणाम करत नाही. बचावपटूंच्या साखळीखालून वाकून निसटण्याच्या कौशल्याला डुबकी म्हणतात. तिला कंबर, मांड्या आणि गुडघे यांची लवचीकता लागते. उंच झेप घेऊन पकडीवरून निघून जाण्यासाठी पायांत स्फोटक ताकद असावी लागते. अंगबळावर बचावपटूंना मध्यरेषेपर्यंत ओढत नेणाऱ्या चढाईपटूचे खांदे सतत झिजतात. या तिन्ही शैली शरीरावर अवलंबून असल्याने वयाचा परिणाम त्यांच्यावर लवकर दिसतो. याउलट बोनस गुण मिळवणे, हाताचा हलका स्पर्श करून परतणे, बचावपटूला मोहात पाडून पुढे खेचणे ही कौशल्ये नजरेवर, पदलालित्यावर आणि अनुभवावर टिकून असतात. अशा शैलीचा खेळाडू अधिक काळ उपयोगी पडतो. मात्र बोनस गुणासाठी मैदानात किमान सहा बचावपटू असावे लागतात, त्यामुळे केवळ बोनसवर विसंबणाऱ्याची उपयुक्तता सामन्याच्या काही टप्प्यांपुरतीच राहते.

प्रति सामना गुण. कारकिर्दीतील एकूण गुणांचा आकडा प्रभावी दिसतो; परंतु तो कधीच कमी होत नसल्यामुळे घसरण लपवतो. जाणकार म्हणूनच मागील दोन हंगामांतील प्रति सामना गुण, यशस्वी चढायांचे प्रमाण आणि किती वेळा पकड झाली याचा विचार करतात. चढाईपटू बाद झाला की त्याला पुन्हा मैदानात आणण्यासाठी सहकाऱ्यांना गुण मिळवावे लागतात. बाहेर बसलेल्या मुख्य चढाईपटूची प्रत्येक मिनिटाची अनुपस्थिती हा संघाचा अदृश्य खर्च असतो.

निर्णायक चढाया. सलग दोन चढाया निष्फळ ठरल्यास तिसरी चढाई 'करा किंवा मरा' स्वरूपाची होते. गुण न मिळाल्यास चढाईपटू बाद ठरतो. अशा वेळी अनुभवी खेळाडूचा संयम मोलाचा असतो. काही संघ ज्येष्ठ खेळाडूला मुख्य चढाईपटूऐवजी दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाचा चढाईपटू म्हणून याच कामासाठी घेतात. भूमिका बदलली की किंमतही बदलते.

दुखापती. कबड्डीत गुडघा, खांदा आणि घोटा यांना सर्वाधिक धोका असतो. तरुण खेळाडूची दुखापत बाजार विसरतो. ज्येष्ठ खेळाडूची तीच दुखापत उतरणीची खूण मानली जाते.

नेतृत्व आणि लोकप्रियता. कर्णधारपद भूषवलेला खेळाडू नवोदितांना घडवतो, तर परिचित चेहरा प्रेक्षकांना मैदानाकडे खेचतो. हे दोन्ही लाभ खरे असले तरी गुणफलकावर उमटत नाहीत. त्यामुळे बोलीच्या चढाओढीत त्यांना कधी वाजवीपेक्षा जास्त, तर कधी अगदीच कमी महत्त्व मिळते.

उल्लेखनीय उदाहरणे

प्रदीप नरवाल

हरयाणाचा प्रदीप नरवाल (जन्म १६ फेब्रुवारी १९९७) हा डुबकीसाठी प्रसिद्ध आहे. पटणा पायरेट्सच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या हंगामातील सलग तीन विजेतेपदांत त्याचा मोठा वाटा होता. पाचव्या हंगामात त्याने ३६९ चढाई गुण मिळवून विक्रम केला. त्याच हंगामात हरयाणा स्टीलर्सविरुद्ध एकाच चढाईत त्याने आठ गुण वसूल केले होते.

सातव्या हंगामात त्याने ३०२ चढाई गुण मिळवले. त्यानंतर ऑगस्ट २०२१ मधील लिलावात यूपी योद्धाने त्याला १ कोटी ६५ लाखांना घेतले. ती तोवरची सर्वाधिक बोली होती आणि संघाच्या खर्चमर्यादेचा ३७.५ टक्के भाग तिने व्यापला. आठव्या हंगामात त्याचे चढाई गुण १८८ झाले. पुढील लिलावात त्याच संघाने त्याला ९० लाखांना परत घेतले आणि त्याने २२० गुण मिळवले. दहाव्या हंगामात हा आकडा १२२ वर आला. २०२४ मध्ये बंगळुरू बुल्सने त्याच्यासाठी ७० लाख रुपये दिले. त्या हंगामात त्याने १११ गुण मिळवले. २०२५ च्या लिलावात त्याच्यावर बोली लागली नाही आणि त्यानंतर त्याने निवृत्ती जाहीर केली. लीगमधील त्याचे एकूण चढाई गुण १,८०१ आहेत.

या आकड्यांवरून एका चढाई गुणामागे संघाला पडलेला खर्च काढता येतो. आठव्या हंगामात तो सुमारे ८८ हजार रुपये, नवव्या हंगामात सुमारे ४१ हजार रुपये आणि अकराव्या हंगामात सुमारे ६३ हजार रुपये येतो. म्हणजेच सर्वांत मोठी बोली लागली तेव्हा प्रत्येक गुण सर्वांत महाग पडला, आणि बाजाराने त्याची किंमत जवळजवळ निम्म्यावर आणली तेव्हा तो संघाला सर्वाधिक किफायतशीर ठरला. बोली ही मागील हंगामाकडे पाहून लावली जाते, त्यामुळे ती प्रत्यक्ष कामगिरीच्या एक पाऊल मागे चालते. याचा अनुभव या उदाहरणातून येतो.

राहुल चौधरी

उत्तर प्रदेशाचा राहुल चौधरी पहिल्या सहा हंगामांत तेलुगू टायटन्सचा प्रमुख चेहरा होता. लीगमध्ये ५०० चढाई गुणांचा टप्पा त्याने सर्वप्रथम गाठला. २०१८ मध्ये त्याची किंमत १ कोटी २९ लाख रुपये होती. २०१९ मध्ये तमिळ थलैवाजने त्याला ९४ लाखांना घेतले, तर २०२१ मध्ये पुणेरी पलटणने ४० लाखांना. तीन वर्षांत त्याचे मूल्य दोन-तृतीयांशांहून अधिक घटले, तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता.

सिद्धार्थ देसाई

कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई (जन्म १९९१) लीगमध्ये तुलनेने उशिरा आला. २०१८ मध्ये यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजार रुपयांना घेतले आणि पदार्पणाच्या हंगामातच त्याने २१८ चढाई गुण मिळवले. एका गुणाचा खर्च १७ हजार रुपयांहूनही कमी पडला. पुढील वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख रुपये मोजले. त्याने पुन्हा दोनशेहून अधिक गुण मिळवले. गुण जवळजवळ तेवढेच राहिले आणि किंमत मात्र चौपट झाली. २०२१ मध्ये त्याच संघाने १ कोटी ३० लाखांना त्याला परत घेतले. परंतु हंगामाच्या सुरुवातीलाच खांद्याच्या दुखापतीमुळे तो बाहेर पडला. २०२३ मध्ये हरयाणा स्टीलर्सने १ कोटी रुपये दिले आणि २०२४ मध्ये दबंग दिल्लीने २६ लाखांना त्याला करारबद्ध केले. सहा वर्षांत त्याची किंमत सुरुवातीच्या रकमेच्याही खाली आली. उशिरा सुरुवात करणाऱ्या खेळाडूला कमाईची किती वर्षे हाती लागतात, हे या आलेखातून दिसते.

पवन सेहरावत

पवन सेहरावतने (जन्म ९ जुलै १९९६) सातव्या हंगामात ३४६ चढाई गुण मिळवले होते. २०२२ मध्ये २ कोटी २६ लाखांना विकला गेल्यावर पहिल्याच सामन्यात गुडघ्याला दुखापत होऊन तो उर्वरित हंगामास मुकला. तरीही २०२३ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी २ कोटी ६० लाख ५० हजार रुपयांची विक्रमी बोली लावली. ही रक्कम संघाच्या ५ कोटींच्या मर्यादेच्या निम्म्याहून अधिक होती. किमान सतरा सहकाऱ्यांसाठी २ कोटी ३९ लाख ५० हजार रुपये उरतात, म्हणजे सरासरी प्रत्येकी सुमारे १४ लाख. पवनने त्या हंगामात २०२ चढाई गुण मिळवले. मात्र संघाने २२ पैकी केवळ दोन सामने जिंकले आणि तो गुणतक्त्यात तळाला राहिला. २०२४ मध्ये त्याची किंमत १ कोटी ७२ लाख ५० हजार रुपये झाली आणि २०२५ मध्ये तमिळ थलैवाजने त्याला ५९ लाख ५० हजारांना घेतले. एका वर्षात झालेली ही घट जवळजवळ दोन-तृतीयांश होती.

अनुप कुमार

यू मुंबाचा कर्णधार अनुप कुमार (जन्म १९८३) बोनस गुणांसाठी आणि शांत नेतृत्वासाठी ओळखला जाई. पहिल्या हंगामात तो सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि दुसऱ्या हंगामात त्याच्या नेतृत्वाखाली यू मुंबाने विजेतेपद मिळवले. २०१८ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी, जयपूर पिंक पँथर्सने त्याला ३० लाखांना घेतले. त्याच लिलावात आघाडीच्या चढाईपटूंना कोटीच्या वर बोली लागली होती. डिसेंबर २०१८ मध्ये हंगाम सुरू असतानाच त्याने निवृत्ती जाहीर केली.

या नियमाला अपवादही आहेत. पहिल्या हंगामात जयपूरच्या विजेत्या संघात असलेला मनिंदर सिंग दुखापतीमुळे पुढील काही हंगाम लीगपासून दूर राहिला. पाचव्या हंगामात तो बंगाल वॉरियर्सकडून परतला, सातव्या हंगामात त्याने या संघाला अजिंक्यपद मिळवून दिले आणि २०२३ मध्ये, तिशी ओलांडल्यावर, त्याच संघाने त्याच्यासाठी २ कोटी १२ लाख रुपये मोजले. पुढील वर्षी ही रक्कम १ कोटी १५ लाखांवर आली. उशिरापर्यंत उंचीवर राहणारा खेळाडूही उतरताना फार पायऱ्या घेत नाही, असे या आकड्यांवरून दिसते.

बचावपटूंशी तुलना

बचावात अंदाज, जागा धरणे आणि सहकाऱ्यांशी समन्वय यांना महत्त्व असते. त्यामुळे बचावपटूची उपयुक्तता तुलनेने अधिक काळ टिकते, असे मानले जाते. बाजार मात्र त्यांनाही सूट देत नाही. इराणचा डावा कोपरारक्षक फजल अत्राचली (जन्म १९९२) याला २०२२ मध्ये पुणेरी पलटणने १ कोटी ३८ लाखांना घेतले. त्याच्या नेतृत्वाखाली पलटणने प्रथमच अंतिम फेरी गाठली. तीत जयपूरने ३३-२९ अशी बाजी मारली. त्यानंतर पलटणने त्याला सोडले. गुजरात जायंट्सने २०२३ मध्ये १ कोटी ६० लाख आणि बंगाल वॉरियर्सने २०२४ मध्ये ५० लाख रुपयांना त्याला घेतले. २०२५ मध्ये तो दबंग दिल्लीकडे होता आणि त्या संघाने अंतिम सामन्यात पुणेरी पलटणलाच ३१-२८ असे हरवून अजिंक्यपद मिळवले. किंमत घसरलेला खेळाडू निरुपयोगी झालेला असतोच असे नाही, याचे हे ठळक उदाहरण होय.

पुणेरी पलटणचा मार्ग

महाराष्ट्रातील दोन संघांपैकी पुणेरी पलटणने ज्येष्ठ खेळाडूंच्या प्रश्नावर वेगळा तोडगा काढला. नामांकित चढाईपटूंवर मोठ्या रकमा खर्च करण्याऐवजी या संघाने नवोदित खेळाडूंना लहान वयात करारबद्ध करून घडवले. अहिल्यानगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार, नाशिकचा आकाश शिंदे, मुंबईचा पंकज मोहिते आणि हरयाणाचा मोहित गोयत या तरुणांवर संघाची चढाई उभी राहिली. चढाईवर वाचवलेला पैसा संघाने बचावासाठी वापरला. फजलला सोडल्यानंतर २०२३ मध्ये त्याच्याच देशाचा, त्याच्याहून आठ वर्षांनी लहान असलेला मोहम्मदरेझा शाडलूई २ कोटी ३५ लाखांना घेण्यात आला. १ मार्च २०२४ रोजी पलटणने हरयाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून पहिले विजेतेपद पटकावले.

पुढील लिलावात शाडलूई २ कोटी ७ लाखांना हरयाणा स्टीलर्सकडे गेला आणि पुण्यातील बालेवाडी येथे झालेल्या अंतिम सामन्यात पटणा पायरेट्सला नमवून त्या हंगामाचे विजेतेपद हरयाणाने मिळवले. मोठी बोली चुकीचीच असते, असा निष्कर्ष यावरून काढता येत नाही. ती चढत्या वयात लावली आहे की उतरत्या, यावर तिचे फळ बऱ्याच अंशी अवलंबून असते.

इतर खेळांतील समांतर उदाहरणे

ज्येष्ठ आक्रमक खेळाडूचे मोल ठरवण्याचा प्रश्न अमेरिकन फुटबॉलमध्ये 'वाइड रिसीव्हर' या स्थानाबाबत ठळकपणे दिसतो. हा खेळाडू वेगाने पुढे धावत जाऊन लांबून फेकलेला चेंडू झेलतो. चढाईपटूप्रमाणेच त्याचा खेळ वेग, अचानक दिशाबदल आणि प्रतिस्पर्ध्याची पकड चुकवणे यांवर आधारलेला असतो. तेथेही संघांना वेतनखर्चाची मर्यादा आहे. डेव्हान्टे अ‍ॅडम्स या खेळाडूसाठी २०२२ मध्ये लास वेगास रेडर्सने नवोदितांच्या निवडीतील पहिल्या आणि दुसऱ्या फेरीचे हक्क दिले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याला न्यूयॉर्क जेट्सकडे देताना रेडर्सच्या पदरात तिसऱ्या फेरीचा सशर्त हक्क पडला, आणि मार्च २०२५ मध्ये जेट्सने त्याला मुक्त केल्यावर तो लॉस एंजेलिस रॅम्सकडे गेला. दुसऱ्या टोकाला जेरी राइस आहे. अचूक धावमार्ग आणि कठोर सराव यांच्या बळावर त्याने २००२ च्या हंगामात, वयाच्या चाळिशीत, १,२११ यार्ड मिळवले. शरीरापेक्षा कौशल्यावर उभी असलेली शैली अधिक टिकते, हा कबड्डीतील अनुभव तेथेही लागू पडतो.

क्रिकेटमध्ये अहिल्यानगर जिल्ह्याशी नाते असलेल्या अजिंक्य रहाणेचे उदाहरण दिले जाते. २०२२ च्या अखेरच्या लिलावात चेन्नई सुपर किंग्जने त्याला ५० लाखांच्या मूळ किमतीत घेतले. पुढील हंगामात त्याने १७२.४९ च्या धावगतीने ३२६ धावा केल्या, संघ विजेता ठरला आणि रहाणे भारताच्या कसोटी संघात परतला. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोलकाता नाइट रायडर्सने त्याला दीड कोटी रुपयांना घेऊन कर्णधार नेमले. नवी भूमिका मिळाल्यास ज्येष्ठ खेळाडूचे मूल्य पुन्हा वाढू शकते. परंतु ती भूमिका देणारा संघ भेटावा लागतो.

टीका आणि मर्यादा

लिलावातील किंमत हा खेळाडूच्या गुणवत्तेचा निर्दोष मापदंड मानता येत नाही. बोली लागण्याचा क्रम, त्या क्षणी संघांकडे उरलेली रक्कम आणि रिकाम्या जागा यांचा तिच्यावर मोठा परिणाम होतो. दोन संघांना एकाच खेळाडूची निकड असली की रक्कम झपाट्याने वाढते. तोच खेळाडू उशिरा पुकारला गेला तर मूळ किमतीतही शिल्लक राहू शकतो. मूळ किंमत हीदेखील ज्येष्ठांसाठी अडचण ठरते. वरच्या वर्गातील खेळाडूला कमी पैशांत खेळण्याची तयारी असली, तरी मूळ किमतीखाली बोली लावता येत नाही. तेवढ्या रकमेत संघ ड वर्गातील तीन नवोदित घेऊ शकतो.

एका गुणामागचा खर्च हे मोजमापही अपुरे आहे. त्यात चढाईपटूमुळे सहकाऱ्यांना मिळणारी मोकळीक, अखेरच्या मिनिटांतील दडपण किंवा सरावातील मार्गदर्शन यांची नोंद होत नाही. तरीही कीर्तीच्या प्रभावाखाली लागणाऱ्या बोलीला हे मोजमाप आवर घालते. २०२५ च्या लिलावात प्रदीप नरवाल विक्रीविना राहिला, त्याच लिलावात मागील हंगामात ३०१ चढाई गुण मिळवणाऱ्या देवांक दलालला बंगाल वॉरियर्सने २ कोटी २० लाख ५० हजार रुपये दिले. बाजाराने नव्या गुणांना किंमत दिली. जुने १,८०१ गुण विक्रमांच्या पानावर राहिले.

निवृत्तीनंतर

लीगमधील कमाईची वर्षे मोजकी असल्याने खेळाडूंसाठी नोकरी आजही महत्त्वाची आहे. पोलीस, रेल्वे, बँका आणि सार्वजनिक उपक्रम यांतील क्रीडा कोट्याच्या जागा बोलीच्या चढउतारांपासून संरक्षण देतात. अनुप कुमारही हरयाणा पोलीस दलात होता. ग्रामीण भागातून येणाऱ्या खेळाडूंच्या कुटुंबांना लिलावातील एका वर्षाच्या मोठ्या रकमेपेक्षा हा नियमित पगार अधिक आधार देणारा ठरतो.

अनुभवाला दुसरी बाजारपेठ प्रशिक्षणाच्या क्षेत्रात मिळाली. निवृत्तीनंतर अनुप कुमारकडे पुणेरी पलटणचे प्रशिक्षकपद आले, तर राकेश कुमारने हरयाणा स्टीलर्सचे प्रशिक्षकपद सांभाळले. तिसऱ्या हंगामात पटणा पायरेट्सच्या विजेत्या संघाचा कर्णधार असलेल्या मनप्रीत सिंगच्या प्रशिक्षणाखाली गुजरातने दोनदा अंतिम फेरी गाठली आणि हरयाणा स्टीलर्सने २०२४ मध्ये विजेतेपद मिळवले. मैदानावर ज्या अनुभवाची किंमत लिलावाच्या गणितात बसत नाही, त्याचा उपयोग मैदानाच्या कडेला बसून होतो, हे या उदाहरणांतून स्पष्ट होते.